केरसुणी लक्ष्मी, मग बांधणारी कोण?

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, हळदकुंकू वाहतो. आज तिचा आणि तिच्या भावंडांचा, म्हणजे कुंच्यांचा इतिहास ऐकू.

जसं काम, तशी पाती. सारवलेली जमीन झाडायला शिंदीची मऊ केरसुणी, म्हणजे पोपडे निघत नाहीत. भिंतीला चुना द्यायला घायपात ठेचून केलेला कुंचा, कारण त्याचे ताठ तंतू चुना धरून ठेवतात. ही घायपात मूळची मेक्सिकोची, पण आपल्या माणदेशात बांधाबांधावर रुजली. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायला सनगरांचा कुंचा आणखी वेगळा. दातांच्या ब्रशला पूर्वी डुकराचे केस असत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचा ब्रश निघाला. पुढे प्लास्टिकचे ब्रश आणि झाडू आपल्या आठवडी बाजारातही आले.

गावगाड्यात केरसुणी बांधायची मातंग समाजानं. काटे चुकवत शिंदीचे फडे तोडायचे, वाळवायचे, पाती चिरायची, मूठ आवळायची. मोबदला सुगीला, बलुत्याच्या धान्यात. केरसुणी पूजेला पाटावर, बांधणारी मात्र गावकुसाबाहेर! याच समाजात, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावला, १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. गावकुसाबाहेरचं जगणं त्यांनी कथा-कादंबऱ्यांत मांडलं.

तेव्हा बायांनो, यंदा केरसुणी घेताना दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस नको. आणि बांधणारी आपल्या बचत गटात आहे का, तेही बघा. नसेल, तर पुढच्या बैठकीला तिला बोलवा.