चार तारा, बारा पडदे

१८७९ सालच्या एप्रिलमध्यें अटलांटिक महासागरांतील मादेरा बेटाच्या फुंशाल बंदरांतून ‘रेव्हन्सक्रॅग’ नांवाचें शिडाचें जहाज निघालें. त्यावर चारशेंहून अधिक माणसें होतीं. बायकामुलांसह घरदार सोडून निघालेलीं. मादेरा हें पोर्तुगालच्या सत्तेखालील बेट. तेथील द्राक्षांच्या मळ्यांवर रोग पडून मद्याचा धंदा बसला होता, आणि हवाई बेटांतील उंसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाला वळसा घालून, चार महिने समुद्रावर काढून, तें जहाज ऑगस्टच्या उत्तरार्धांत होनोलुलूस पोंचलें. उतारूंच्या सामानांत हातभर लांबीचीं कांहीं तंतुवाद्यें होतीं. पंधरवडा उलटण्यापूर्वींच होनोलुलूच्या एका वर्तमानपत्रानें लिहिलें कीं, मादेराचे हे नवे लोक रात्रीं रस्त्यांवर गाऊन वाजवून गांवाला रिझवीत आहेत.

आज जगभर मुलांच्या हातीं दिसणाऱ्या युकुलेले या वाद्याचा जन्म असा मजुरांच्या जहाजाशीं जोडलेला आहे. त्या उतारूंत तिघे सुतारकाम जाणणारे कारागीर होते: मानुएल नुनीश, जोझे दो एस्पिरितो सांतो आणि आवगुस्तो दियस. मळ्यावरील कराराची मुदत संपतांच तिघेही होनोलुलूस आले आणि लाकडी सामानाबरोबर वाद्येंही करूं लागले. लांकूड त्यांनीं तेथलेंच घेतलें. कोआ नांवाचें, हवाई बेटांतच उगवणारें, तांबूस झांक असलेलें. मायदेशीं त्यांच्याकडे दोन वाद्यें होतीं. एक ‘मशेत’, चार तारांचें आणि आकारानें अगदीं लहान. दुसरें ‘रजांव’, पांच तारांचें आणि किंचित मोठें. नव्या वाद्यानें आकार मशेतचा घेतला, आणि तारांची जुळणी मात्र रजांवच्या चार तारांची घेतली. आज शिकणाऱ्याला जी गोष्ट प्रथम बुचकळ्यांत टाकते तिचें मूळ या मिश्रणांत आहे. चौथी तार, जी सर्वांत खर्ज असावी असें कोणासही वाटेल, ती तिसरीपेक्षां उंच स्वरांत बोलते. तो बनविणाऱ्याचा प्रमाद नव्हे. तो रजांवचा वारसा आहे.

परक्या मजुरांचें वाद्य हवाईच्या लोकांनीं आपलें मानलें, यांत राजा कालाकौआ याचा वांटा मोठा. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला राज्यकर्ता राजा. १८८१ सालच्या त्या प्रवासांत जपान, चीन, सयाम असे देश करून तो कलकत्त्यास आला, तेथून आगगाडीनें मुंबईस पोंचला आणि पुढें मिसर देशाकडे गेला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळें हुला हें त्या बेटांचें प्राचीन नृत्य लोकांच्या दृष्टीआड गेलें होतें. कालाकौआनें १८८३ सालच्या आपल्या राज्याभिषेकाच्या उत्सवांत तें पुन्हां उघडपणें करविलें, आणि १८८६ सालीं त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यांत हुलाच्या साथीस युकुलेले वाजलें. राजवाड्यांत ज्याला आसन मिळालें, त्याला झोंपडींत आडकाठी उरली नाहीं.

पुढें तें राज्यच गेलें. १८९३ सालीं राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यांत आलें, १८९६ सालीं शाळांतून शिक्षणाचें माध्यम इंग्रजी ठरविण्यांत आलें, आणि १८९८ सालीं हीं बेटें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना जोडलीं गेलीं. शाळेंतून भाषा निघाली कीं ती घरांत आणि गाण्यांत आश्रय शोधते. हवाईच्या गाण्यांनीं जो आश्रय दिला त्याला सूर धरून देणाऱ्या वाद्यांत हें चार तारांचें लहानगें वाद्यही होतें.

आतां या वाद्याची दांडी पाहूं. लहान युकुलेलेच्या तारेची बोलणारी लांबी सुमारें ३४ सेंटिमीटर असते. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या पक्क्या बसविलेल्या असतात. सतारीच्या भाषेंत ते पडदे. जुन्या घडणीच्या वाद्याला असे पडदे बहुधा बारा. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो. मधले अकरा कोठें बसवावे, याचा सोपा नियम इटालियन संगीतज्ञ विंचेंत्सो गालिलेई, म्हणजे प्रख्यात ज्योतिषी गॅलिलिओचा पिता, यानें १५८१ सालीं सांगितला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजावा आणि तेथें पडदा बसवावा, पुन्हां उरलेल्या भागाचा अठरावा भाग, आणि असेंच पुढें. काटेकोर गणितानें हा भाजक अठरापेक्षां थोडा कमी, १७·८१७ इतका, येतो. त्या हिशेबानें ३४ सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा १·९ सेंटिमीटरवर, पांचवा साडेआठांवर, सातवा ११·३ वर आणि बारावा १७ वर पडतो. पडदे वरच्या सप्तकाकडे जातां जातां जवळ जवळ येतात, तें यामुळें.

चार तारांचे स्वर पाश्चात्य नांवांनीं सांगावयाचे तर चौथीपासून पहिलीपर्यंत जी, सी, ई, ए. पेटीच्या भाषेंत पांढरी पांच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एक हा षड्ज धरला तर त्या मोकळ्या तारा होतात प, सा, ग, ध. भूप रागाच्या पांच स्वरांपैकीं चार येथें बोट न लावतांच मिळतात. उणा आहे तो एकटा रिषभ.

शिकण्याची किल्ली तिसऱ्या तारेंत आहे, कारण ती षड्जाची तार. तिच्यावर मोकळा सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पांचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि आणि बाराव्यावर तार षड्ज. मधले जे पांच पडदे सुटले, पहिला, तिसरा, सहावा, आठवा आणि दहावा, ते अनुक्रमें कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नि. म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्या. एवढी एक तार मुखोद्गत झाली कीं बाकीच्या तिन्ही तिच्यावरून ताडतां येतात. तिसऱ्या तारेचा चौथा पडदा आणि दुसरी मोकळी तार हे दोन्ही गंधार. दुसऱ्या तारेचा तिसरा पडदा आणि चौथी मोकळी तार हे दोन्ही पंचम. दुसरीचा पांचवा पडदा, चौथीचा दुसरा पडदा आणि पहिली मोकळी तार हे तिन्ही धैवत. या जोड्या जुळवून पाहिल्या कीं वाद्य स्वरांत लागलें आहे कीं नाहीं तेंही कळतें; म्हणजे स्वरांचीं नांवें शिकणें आणि तारा लावणें हीं एकच विद्या होते.

हिशेब केला तर मोकळ्या तारा धरून या दांडीवर ५२ जागा आहेत. पण वेगळे स्वर केवळ २२, आणि त्यांचीं नांवें बाराच. एकच स्वर दोन-तीन ठिकाणीं सांपडतो. नवशिक्याला हा गोंधळ वाटतो, जाणत्याला ही सोय वाटते. कारण बोट जेथें असेल तेथून जवळची जागा त्याला निवडतां येते. (हे २२ आणि आपल्या शास्त्रांतील २२ श्रुति यांचा संबंध मात्र निव्वळ योगायोगाचा आहे.)

पण हे स्वर शिकण्याची तसदी लोकांनीं घेतली काय, याचा इतिहास बोधप्रद आहे. प्रथम हें वाद्य ऐकून आणि पाहूनच शिकलें जाई. १९०६ सालीं होनोलुलूच्या अर्नेस्ट काआई यानें युकुलेले शिकविणारें पुस्तक छापलें. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें पनामा कालव्याच्या निमित्तानें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत हवाईच्या मंडपांतील गायनवादनानें अमेरिकेला वेड लावलें, आणि हजारों लोक वाद्य विकत घेऊं लागले. त्यांना महिन्या दोन महिन्यांत गाणें वाजवितां यावयास हवें होतें. त्यांच्यासाठीं छापील गाण्यांवर लहान आकृत्या येऊं लागल्या: चार उभ्या रेषा म्हणजे तारा, आडव्या रेषा म्हणजे पडदे, आणि ठिपका असेल तेथें बोट. १९२० नंतरच्या दशकांत मे सिंगी ब्रीन या वादिकेनें प्रकाशकांच्या मागें लागून ही पद्धत रूढ केली. युकुलेले हें खेळणें नसून वाद्य आहे, हें वादकांच्या संघटनेकडून मान्य करून घेण्यासाठींही ती झगडली.

आकृतीनें मोठें काम केलें, हें नाकारतां येणार नाहीं. पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवलें कीं प, सा, ग आणि तार षड्ज असा भरदार स्वरसंघात निघतो. त्याला ना गुरु लागतो, ना वर्षांची मेहनत. दिवसभर खपणाऱ्या माणसाला संध्याकाळीं गाण्याला साथ करतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या ठिपक्याखालीं तार षड्ज आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याची गति ठिपक्यापर्यंतच. गाणाऱ्यानें दोन स्वर वर गावयाचें ठरविलें कीं त्याची साथ थांबते, कारण त्या पट्टींतील आकृति त्याच्यापाशीं नसते. ज्याला नांवें ठाऊक आहेत तो प्रत्येक स्वर दोन पडदे पुढें सरकवितो आणि गाणें चालू ठेवतो. आकृतीनें हात शिकतो, नांवानें माणूस.

ही उणीव ओळखून ती शाळेंत भरून काढण्याचा मोठा प्रयत्न कॅनडांत झाला. १९६७ सालीं हॅलिफॅक्स शहराच्या शाळांतील संगीतशिक्षणाचें काम जे. चामर्स डोन यांच्याकडे आलें. त्यांनीं युकुलेले मुलांच्या हातीं दिलें तें केवळ साथीसाठीं नव्हे, तर स्वरलेखन वाचण्यासाठीं. वाद्य स्वस्त, लहान हाताला पेलणारें, आणि तें वाजवितांना गळा मोकळा राहणारें. मुलांनीं स्वर आधीं गावा, मग तो दांडीवर शोधावा, मग कागदावर ओळखावा, अशी त्यांची दृष्टि होती. बनविण्यास सोपें जावें म्हणून त्यांनीं त्रिकोणी घडणीचें वाद्यही वापरांत आणलें. त्यांची पद्धत कॅनडाच्या अनेक शाळांत पसरली.

येथवर पडद्यांची बाजू झाली. त्यांच्या सोयीची किंमतही मोजली पाहिजे. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले कीं कोणत्याही स्वरापासून आरंभ करतां येतो. पण षड्ज सोडून एकही स्वर तंतोतंत नैसर्गिक राहत नाहीं. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं तर शुद्ध पंचमाचीं ३६० व्हावयास हवीं. पडद्यावर तीं ३५९·६ होतात, आणि हा फरक कानाला जाणवत नाहीं. गंधाराचीं मात्र ३०० च्या ऐवजीं ३०२·४ होतात. तंबोऱ्याच्या गुंजनांत उमटणारा स्वयंभू गंधार ज्याच्या कानांत बसला आहे, त्याला हा चढा गंधार खुपतो.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा विचार कसोशीनें झालेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींच्या गणितावर १९१० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींची हार्मोनियम घडविण्याचा उद्योग केला. याच आक्षेपाच्या बळावर आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमला मज्जाव केला, आणि तो १९७१ पर्यंत टिकला. पेटी तरीही कीर्तनांतून, नाटकांतून आणि घराघरांतून वाजतच राहिली. कारण सामान्य माणसाला स्वराचा आधार हवा होता, आणि तो तिनें दिला.

युकुलेलेची गोष्ट त्याच जातीची आहे. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असल्यामुळें वादक ते रागानुसार सरकवितो. युकुलेलेचे पडदे कारागिरानें एकदां बसविले तेथेंच राहतात. म्हणून त्या दांडीवर स्वर शिकणाऱ्यानें दोन गोष्टी बरोबरच कराव्या: प्रत्येक जागेचें नांव मोठ्यानें म्हणावें, आणि तो स्वर तंबोऱ्याशीं ताडून गळ्यानें गावा. तिसऱ्या तारेपासून आरंभ करून रोज एक तार घेतली तर चार दिवसांत ५२ जागांची ओळख होते. ती पक्की होण्यास कांहीं महिने लागतात. मग ठिपक्यांचा कागद जवळ नसला तरी गाणें अडत नाहीं. मादेराहून आलेल्या त्या उतारूंजवळही होनोलुलूच्या रस्त्यावर असा कागद नव्हता.