पांढऱ्या डोंगररांगेचे पाहुणे

पेरूच्या आंकाश प्रांतात विकोस नावाचं केचुआ भाषकांचं गाव आहे. 1964 साली या गावाच्या सभेत एक ठराव आला आणि मंजूरही झाला: गावात राहणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांनी आता आपला मुक्काम हलवावा. हे स्वयंसेवक पीस कोरचे. अध्यक्ष केनेडींनी 1961 मध्ये ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी तिची माणसं पेरूत उतरली. बहुतेक जण नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले. शिकवायचं, शेतीला हातभार लावायचा, जमेल ते बांधायचं आणि सवड मिळाली की पाठपिशव्या भरून मित्रांबरोबर डोंगर गाठायचा. डोंगरही साधासुधा नव्हे. कॉर्डिलेरा ब्लांका, म्हणजे पांढरी रांग: सुमारे 180 किलोमीटर लांब, सहा हजार मीटरच्या वरची शिखरं ओळीनं उभी, आणि ती गावाच्या आवारातून दिसणारी.

या ठरावाचं वजन कळायचं तर विकोसची आधीची स्थिती पाहायला हवी. हे गाव म्हणजे एक जहागीर होती, वारास शहरातल्या धर्मादाय मंडळाच्या मालकीची. मंडळ ती भाडेपट्ट्यानं देई आणि जमिनीबरोबर तिच्यावरची माणसंही पट्टेदाराच्या ताब्यात जात. कसायला तुकडा मिळे. त्या बदल्यात आठवड्यातले तीन दिवस पट्टेदाराकडे राबायचं. उघड उघड वेठबिगारी. 1952 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ ॲलन होल्मबर्ग यांनी वेगळीच शक्कल लढवली: विद्यापीठानं तो पट्टाच आपल्या नावावर घेतला. पेरूचे मारिओ वास्केस यांच्या साथीनं त्यांनी वेठ हळूहळू बंद केली, शाळा काढली, बटाट्याचं पीक सुधारलं आणि गावकारभार गावकऱ्यांच्या हाती सोपवत नेला. 1962 साली गावानं स्वतःची जमीन स्वतः विकत घेतली. मालक होऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या या लोकांनी आपला नवा अधिकार वापरला तो मदतीला आलेल्यांवरच. मदत करणाऱ्यांच्या अहवालांत असे प्रसंग अपयशाच्या रकान्यात जातात. पण ज्यांना दहा वर्षांपूर्वी मालकापुढे मान वर करायची सोय नव्हती, ते आता हात वर करून मत देत होते. कॉर्नेलच्या प्रकल्पाला याहून मोठी पावती कोणती मिळणार होती?

या डोंगरात पाहुणे काही पीस कोरपासून यायला लागले नाहीत. ओयेरोस ते चाविन ही आज तीन दिवसांच्या ट्रेकची वाट लामांच्या तांड्यांनी पाडलेली आहे, आणि तिच्या टोकाला असलेलं चाविन दे वांतार हे देवस्थान इंका साम्राज्याच्या दोन हजार वर्षं आधीचं. इंकांनी पुढे अशाच वाटा जोडून आपलं रस्त्यांचं जाळं विणलं. 1850 मध्ये पेरूत आलेला अंतोनियो रायमोंदी हा इटालियन निसर्गशास्त्रज्ञ खेचरावरून आंकाशभर हिंडला आणि त्यानं या प्रांतावर 1873 मध्ये ग्रंथ छापला. कित्येक दशकं नुसती पानं वाढवत राहणारी, मग एकदाच दहा मीटर उंच तुरा काढून मरणारी इथली पुया वनस्पती त्याच्या नावानं ओळखली जाते.

मग आले शिखरवाले. 1908 मध्ये ॲनी पेक या अमेरिकन बाई याच रांगेतल्या वास्करान पर्वताच्या उत्तर शिखरावर पोचल्या, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. बरोबर रुडॉल्फ टाउगवाल्डर आणि गाब्रिएल झुमटाउगवाल्ड हे दोन स्विस वाटाडे. उतरताना टाउगवाल्डरचे हातपाय हिमदंशानं गेले. बोटं आणि एका पायाचा भाग कापावा लागला. पेकबाईंच्या कीर्तीत या खर्चाचा हिशेब सहसा धरला जात नाही. आपण जगातल्या कुठल्याही स्त्रीपेक्षा उंच गेलो असा त्यांचा समज होता. तो खोडून काढला फॅनी बुलक वर्कमन यांनी, ज्या 1906 मध्ये आपल्या लडाखच्या बाजूला, नुन-कुन गटातल्या पिनॅकल शिखरावर चढल्या होत्या. वर्कमनबाईंनी पदरचे 13,000 डॉलर खर्चून फ्रेंच मोजणीदार थेट पेरूला धाडले आणि वास्करानचं माप काढून आणवलं. ते निघालं पिनॅकलपेक्षा कमी. हिमालय आणि अँडीज यांचा असा सामना दोन बायकांनी लावला, आणि तो फीत धरून निकाली काढला.

उंच असलेलं दक्षिण शिखर (6,768 मीटर) 1932 मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन मोहिमेनं सर केलं. या तुकडीतले हेर्मान होर्लिन आणि एर्विन श्नायडर दोनच वर्षांपूर्वी सिक्कीमच्या सीमेवरच्या जोंगसाँग शिखरावर जाऊन आले होते. पण त्यांची खरी देणगी म्हणजे नकाशे. भूगोलतज्ज्ञ हान्स किन्झल आणि श्नायडर यांच्या मोजणीतून एक लाखास एक या प्रमाणाचे जे नकाशे तयार झाले, त्यांच्या सुधारित आवृत्त्या आजही ट्रेकर्सच्या पिशवीत असतात.

नकाशा झाला. वाटा मात्र संकटांनी आणल्या. 13 डिसेंबर 1941 रोजी वारासच्या वरचं पालकाकोचा हे हिमनदीचं तळं फुटलं आणि चिखलाच्या लोंढ्यानं शहराचा एक तृतीयांश भाग पुसून टाकला. किमान 1,800 माणसं गेली. तेव्हापासून सरकारी अभियंते अशा तळ्यांचे बांध मजबूत करू लागले, सांडवे खोदू लागले. सिमेंट, पहारी आणि मजूर चार-साडेचार हजार मीटरवर चढवायचे तर पायवाट हवी, जमल्यास गाडीरस्ता हवा. तळ्यांवर जाणाऱ्या अनेक वाटा अशा सरकारी खर्चानं रुंद झाल्या. आज त्यांवरून जाणाऱ्या हौशी मंडळींना वाटतं, निसर्गानंच ही सोय करून ठेवली आहे.

पीस कोरकडे परत येऊ, कारण तिच्या नावावरचं सगळ्यात टिकाऊ काम विकोसमध्ये झालं नाही. 1960 पासून पेरूच्या संसदेत आणि वनखात्यात या रांगेचं राष्ट्रीय उद्यान करण्याच्या चर्चा चालू होत्या. 1966 मध्ये इथल्या झाडांच्या तोडीवर आणि शिकारीवर बंदीही आली. केन्युआलची झाडं, तांबूस साल कागदाच्या पापुद्र्यांसारखी सुटणारी, जळणासाठी सरसकट तोडली जात होती. विकुन्या हा लामाचा रानटी नातलग लोकरीपायी मारला जात होता. पण उद्यानाची हद्द कुठून कुठवर? 1967 मध्ये करी स्लेमेकर आणि जोएल अल्ब्रेख्त या पीस कोरच्या दोन स्वयंसेवकांनी 85,000 हेक्टरचा प्रस्ताव मांडला. एरवी इतर स्वयंसेवक ज्यासाठी सुट्टीची वाट पाहत, ते रानोमाळ हिंडणं इथे कामातच मोडत होतं.

सरकारी चाकं फिरेपर्यंत डोंगर हलला. 31 मे 1970, रविवार. मेक्सिकोत फुटबॉलच्या विश्वचषकाचा पहिला सामना होता. दुपारी 3 वाजून 23 मिनिटांनी भूकंप झाला. वास्करानच्या उत्तर शिखराचा कडा बर्फासकट सुटला आणि काही मिनिटांत युंगाय शहर गाडलं गेलं. वाचले ते कोण? टेकडीवरच्या कबरस्तानात चढलेले शंभरेक लोक, आणि गावाबाहेर सर्कस पाहायला गेलेली मुलं. यांगानुको तळ्यांजवळ तळ ठोकून बसलेली चेकोस्लोव्हाकियाची गिर्यारोहण मोहीमही त्याच क्षणी संपली. भूकंपाचे एकूण बळी सुमारे 70,000. याच कड्याखालची हिमनदी धोकादायक आहे, असं डेव्हिड बर्नेस आणि चार्ल्स सॉयर या दोन अमेरिकनांनी 1962 मध्येच सांगितलं होतं. ते वर्तमानपत्रात छापूनही आलं. विधान मागे घ्या, नाहीतर तुरुंगात जा, असं आपल्याला बजावलं गेलं, असं सॉयरनं नंतर सांगितलं. पाहुण्यांचं ऐकावं कधी आणि त्यांना वाटेला लावावं कधी, हे आंकाशला प्रत्येक वेळी नीट साधलं नाही, एवढं खरं.

पुनर्बांधणीबरोबर किनाऱ्यावरून वारासपर्यंत डांबरी रस्ता आला. 1 जुलै 1975 रोजी वास्करान राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तेही 3,40,000 हेक्टरचं, स्लेमेकर-अल्ब्रेख्त यांच्या रेषेच्या चौपट. याच सुमारास पेरूच्या लष्करी राजवटीनं पीस कोरला देशाबाहेर काढलं. ज्या वर्षांत स्वयंसेवक गेले, नेमक्या त्याच वर्षांत पाठपिशवीवाले आले. 1974 मध्ये हिलरी आणि जॉर्ज ब्रॅड्ट या जोडप्यानं पेरू आणि बोलिव्हियातल्या जुन्या वाटांवर एक छोटं पुस्तक काढलं. त्यातून पुढे एक प्रकाशनसंस्था उभी राहिली. माचू पिक्चूची इंका वाट अवघ्या जगाला ठाऊक झाली, आणि ज्यांना ती गर्दीची वाटू लागली ते वारासच्या बसमध्ये बसू लागले.

इथला नावाजलेला ट्रेक सांता क्रूझचा. पश्चिमेच्या काशापाम्पा गावातून चढायचं, पुंता उनिओन ही 4,750 मीटरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे वाकेरियाला उतरायचं. साधारण चार दिवस. सामान गाढवांवर असतं आणि गाढवांचा मालक, म्हणजे आरिएरो, बरोबर चालतो. काशापाम्पातली सकाळ पाहण्यासारखी असते. आरिएरो गाढवाच्या डोळ्यांवर पोंचो टाकतो, म्हणजे ते बुजत नाही. दोन्ही बाजूंची पोती हातानं तोलून पाहतो. एक बाजू जड वाटली तर त्यात रॉकेलचा डबा नाहीतर एखादा दगडही सरकवतो. मग गाढवाच्या बरगडीला पाय लावून दोर असा आवळतो की गाढव हुंकारतं. भाव आधी ठरलेला असतो: माणसाची मजुरी वेगळी, जनावरामागे भाडं वेगळं, आणि रिकाम्या परतीच्या दिवसाचेही पैसे. नवखे ट्रेकर या शेवटच्या कलमावर हुज्जत घालतात. गाढवं उडत घरी जाणार नाहीत, हे चार दिवस चालल्यावर त्यांना आपोआप पटतं. हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे कोरडा. तेव्हा शेतात काम थोडं असल्यामुळे हा जोडधंदा जमून गेला. सगळं सुरळीत पार पडलं तर शेवटच्या मुक्कामी पाचामांका होतो: जमिनीत खड्डा, तापलेले दगड, त्यांत मांस, बटाटे आणि शेंगा, वर गवत आणि माती. रायगडकडच्या पोपटीचा हा लांबचा भाऊ.

1980 च्या दशकात शायनिंग पाथ या गटाच्या सशस्त्र बंडामुळे हा सगळा धंदा बसला. परदेशी ट्रेकर फिरकेनासे झाले. पण पाहुण्यांची एक जात टिकून होती. ऊगो दे चेन्सी हे सालेशियन धर्मगुरू 1976 मध्ये रांगेच्या पूर्वेकडच्या चाकास या गावी आले होते. त्यांच्या ऑपेरात्सिओने मातो ग्रोस्सो या चळवळीतले तरुण इटलीत भंगार आणि रद्दी गोळा करून, मिळेल ती कामं करून पैसे उभे करत आणि इथे येऊन बिनपगारी राबत. चाकासला लाकूडकामाची शाळा निघाली, दवाखाना उभा राहिला. 1992 मध्ये जुलिओ रोक्का हा त्यांचा एक स्वयंसेवक वारासजवळच्या हांगास गावात बंडखोरांच्या गोळ्यांना बळी पडला. तरी माणसं येत राहिली.

ही मंडळी आल्प्सच्या मुलखातली. डोंगरात निवारा बांधायचा तर तो आल्प्सच्या पद्धतीनंच, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पिस्को, इशिंका आणि वास्करान या शिखरांच्या पायथ्याशी त्यांनी स्थानिकांच्या हातांनी दगडी निवारे उभे केले. त्यात गरम सूप मिळतं, बिछाना मिळतो आणि नफा जातो खोऱ्यातल्या गरिबांसाठीच्या कामाला. विकोसच्या खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मार्कारा गावात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वाटाड्यांची शाळा काढली. पेकबाईंच्या काळात वाटाडे स्वित्झर्लंडहून आणावे लागत. आता युरोपियनांच्या दोरीच्या पुढच्या टोकाला आंकाशचा मुलगा असतो. साऊल लुसियानो लिउया हा वारासजवळचा शेतकरी असाच वाटाड्याही आहे. पालकाकोचा तळं पुन्हा फुगतंय याचा जाब विचारत त्यानं 2015 मध्ये जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. मे 2025 मध्ये हाम इथल्या न्यायालयानं त्याचा दावा फेटाळला, मात्र अशा कंपन्या तत्त्वतः जबाबदार ठरू शकतात, असंही नोंदवलं.

2002 मध्ये पीस कोर पेरूत परतली. तिला बोलावणारे राष्ट्राध्यक्ष आलेहान्द्रो तोलेदो हे स्वतः आंकाशच्याच एका खेड्यात जन्मलेले. चिंबोतेच्या गरीब वस्तीतल्या या मुलाला अमेरिकेत शिकायला जायची वाट पीस कोरच्याच स्वयंसेवकांनी दाखवली होती. विकोसमध्ये आता काही कुटुंबं पाहुण्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतात, आणि त्याच्या अटी गावकरीच ठरवतात.

दक्षिणेला वायवाश ही दुसरी रांग आहे. तिची प्रदक्षिणा करायला आठ ते बारा दिवस लागतात. या शतकाच्या सुरुवातीला तिथे ट्रेकर्सवर दरोडे पडले, काही खूनही झाले. तेव्हा यामाक, पाक्योन, वायापा अशा गावांनी आपापल्या हद्दीत रखवाली सुरू केली आणि त्यापोटी शुल्क लावलं. प्रत्येक गावाची पावती निराळी, आणि ती पुढच्या मुक्कामी तपासली जाते. ट्रेकर कुरकुरतात. डिसेंबर 2002 मध्ये सरकारनं ही रांग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केली, तेव्हा आपली कुरणं वास्करानसारखी राष्ट्रीय उद्यानात जातील अशी धास्ती गावांना वाटली. त्यांनी कायद्यातली दुसरी तरतूद शोधली. वायापा, पाक्योन आणि यामाक यांनी आपल्या जमिनी खासगी संवर्धन क्षेत्रं म्हणून नोंदवून घेतल्या. हद्दी त्यांनी स्वतः आखल्या, आणि गुरं चारण्याचा हक्क स्वतःकडेच ठेवला.