वाड्याची तीन पर्वे

एखादी कलाकृती लोकांच्या पसंतीस उतरली, की तिचा पुढील भाग पाहण्याची उत्कंठा उत्पन्न होते. आणि तो भाग समोर आला, की ‘पहिल्याची सर याला नाही’ असा निकालही तितक्याच तत्परतेने दिला जातो. सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीच्या वाट्याला हेच आले. ‘पथेर पांचाली’ने १९५५ साली कलकत्ता जिंकले, १९५६ च्या ‘अपराजितो’कडे त्याच शहराने पाठ फिरविली. मात्र १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च मान मिळाला तो या दुसऱ्या चित्रासच. मग गुण नेमका कोठे उणावला, चित्रात की पाहणाराच्या अपेक्षेत?

मराठीत हा प्रश्न रंगभूमीवर उभा राहिला, आणि तो उभा करणारा नाटककार नागपूरचा होता. महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला. नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत असता त्यांनी ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके लिहिली. एकाच देशपांडे घराण्याची ती कथा होय.

विजया मेहता यांनी १९८५ साली ‘वाडा चिरेबंदी’ रंगभूमीवर आणले आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. तीस कारणही तसेच होते. १९५८ चा विदर्भातील कुळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा यांनी जमीनदार घराण्यांचा पाया खचविला होता. पिकले तर पोट भरणार, पण तोरा मात्र जुनाच, अशी स्थिती अनेक वाड्यांतून होती. घरातील कर्ता पुरुष निवर्तला आहे. दारात निकामी ट्रॅक्टर गंजत पडला आहे. आणि तेरवीचा थाट मात्र घराण्यास शोभेसा झालाच पाहिजे. गावातला भाऊ वऱ्हाडी वळणाने बोलतो, मुंबईचा भाऊ शहरी मराठीत. शहरात आलेल्या कित्येक कुटुंबांना हे आपलेच घर वाटले.

पुढील दोन नाटकांस तेवढी लोकप्रियता लाभली नाही. ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये दहा वर्षे उलटून गेली आहेत आणि सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती गेली आहेत. ‘युगान्त’मध्ये तर दुष्काळाने गाव ओसाड झाले आहे, माणसे मोजकी, घटना विरळ, संभाषणे दीर्घ. पहिल्या नाटकातील भरल्या घराची गजबज मनात धरून बसलेल्या प्रेक्षकास येथे काही तरी हरवल्यासारखे वाटते. ते हरवलेले असतेच. परंतु हरवले आहे ते घर, नाटककाराचे सामर्थ्य नव्हे. वाडा उभा आहे तोवर नाटकही चौकटबंद आहे. वाडा ढासळतो तसे नाटकाच्या भिंतीही विरत जातात. पहिल्या भागाचीच पुनरावृत्ती केली असती, तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या. पण ढासळत्या घराण्याची कथा चिरेबंदी चौकटीत सांगणे खोटे ठरले असते.

अर्थात या धाडसास किंमत पडली. ‘वाडा चिरेबंदी’ एकटे उभे राहू शकते; ‘युगान्त’ मागील दोन नाटकांच्या स्मृतीवाचून अपुरे भासते. म्हणूनच १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटके लागोपाठ सादर केली, ही गोष्ट महत्त्वाची ठरली. सलग पाहणारास त्या दिवशी तीन नाटकांची तुलना करावयाची नव्हती. एका घराण्याचा अस्त पाहावयाचा होता. पुढे २००२ चा सरस्वती सन्मान एलकुंचवारांना मिळाला, तोही ‘युगान्त’साठीच.

पारितोषिकाने वाद मिटतो असे नाही. परंतु त्रयीतील प्रत्येक भाग पहिल्याच्याच मापाने मोजला, तर माणसाच्या वार्धक्यालाही तारुण्याच्या मापाने दोष द्यावा लागेल. ज्याने आपला वाडा पडताना पाहिला आहे, त्याला तिसऱ्या नाटकातील शांतता रिकामी वाटत नाही. ती त्याच्या ओळखीची असते.