चौकट आणि चरित्र : संगीतकारांच्या कोशनोंदींचा एक वाद

इंग्रजी विकिपीडियातील पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांच्या चरित्रनोंदींना माहितीचौकट असावी की नसावी, हा वाद इतका चिघळला की चौकटींचा प्रश्न २०१३ साली त्या ज्ञानकोशाच्या लवाद समितीपुढे गेला. नोंदीच्या शिरोभागी एका बाजूला जन्म, मृत्यू, कालखंड, कृती असे रकाने मांडावेत की नाहीत, हा वरवर पाहता केवळ मांडणीचा प्रश्न. वस्तुतः चरित्रातील ‘तथ्य’ कशाला म्हणावे, हा जुनाच प्रश्न त्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला.

संक्षेपाची ओढ संगणकाने आणलेली नाही. योहान गॉटफ्रीड वाल्टर याने १७३२ साली सिद्ध केलेल्या संगीतकोशात बाखची नोंद अगदी त्रोटक आहे. आणि वाल्टर तर बाखचा नातलग! १९८० सालच्या वीस खंडी ‘न्यू ग्रोव्ह’मध्येही प्रत्येक चरित्राच्या आरंभी कंसात जन्ममृत्यूची स्थळे व तारखा येतात, त्यांच्यामागोमाग एखाद्या वाक्यात परिचय येतो. चौकटीचे समर्थक या परंपरेचा आधार घेऊ शकतात, आणि तो आधार पोकळ नाही. मात्र ग्रोव्हमधील कंस गद्याच्या ओघात असतो. त्याने अर्धवट सोडलेले लगेच पुढचे वाक्य उचलते. रकान्याला पुढचे वाक्यच नसते.

बेथोव्हेनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बॉन येथे १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढेच कागदोपत्री सिद्ध आहे. जन्मतारखेची नोंद नाही. १७७८ साली वडिलांनी त्याचे वादन कोलोनच्या श्रोत्यांपुढे मांडले, तेव्हा जाहिरातीत सात वर्षांच्या मुलाचे वय सहा छापले गेले. पुढे बेथोव्हेन स्वतःही आपले वय कमीच धरून चालला. १८१० साली मित्र वेगेलरकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागवताना, आपल्याआधी लुडविग नावाचाच एक भाऊ होऊन गेला, तेव्हा दाखला त्याचा येऊ नये, असे त्याने बजावले. खरा दाखला हाती आल्यावरही त्याची खात्री पटली नाही. चौकट येथे बाप्तिस्म्याची तारीख प्रामाणिकपणे नोंदवू शकते, त्यात तिचा दोष नाही. पण बापाची महत्त्वाकांक्षा आणि मुलाचा संशय यांना तिच्यात जागा नाही, आणि चरित्रकाराचे खरे द्रव्य तेच आहे.

‘कालखंड’ हा रकाना याहून घातक. त्याच १८१० साली ई. टी. ए. होफमान या कथाकार-समीक्षकाने पाचव्या सिंफनीवरील लेखात हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हेन या तिघांनाही रोमँटिक ठरवले. आज ज्यांना ‘अभिजात’ म्हणून शिकवले जाते तेच हे तिघे. म्हणजे रकान्यात जे भरले जाते ते तथ्य नव्हे. तो समीक्षेचा निवाडा आहे, आणि तोही मागाहून दिलेला. राष्ट्रीयत्वाचीही तीच गत. हॅले येथे जन्मलेला हँडल १७२७ साली संसदेच्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजन झाला. लिस्टचे जन्मगाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते, आज ते ऑस्ट्रियात आहे.

असे असूनही चौकट टिकली, कारण तिचा वाचक केवळ माणूस नाही. २००७ पासून डीबीपीडिया हा प्रकल्प चौकटींतील माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात काढून घेऊ लागला. २०१२ साली विकिडेटा सुरू झाला. यंत्राला एका प्रश्नाचे एक उत्तर सोयीचे असते. लोकप्रिय गायकवादकांसाठी आखलेल्या साच्यातील ‘वाद्ये’, ‘ध्वनिमुद्रण कंपनी’ असे रकाने बाखच्या वाट्याला येणे हास्यास्पदच होते. पुढे अभिजात संगीतकारांसाठी वेगळा, आटोपशीर साचा तयार झाला खरा. तथापि ‘कालखंड’ त्यातही शिरलाच.

चौकटीच्या विरोधकांनी गद्याची बाजू घेताना एक गोष्ट मात्र नजरेआड केली. गुळगुळीत प्रास्ताविक परिच्छेदही तोच निवाडा करतो, आणि अधिक बेमालूमपणे. तेव्हा चौकट हवीच असेल तर तिने दप्तरी नोंदीची मर्यादा पाळावी : जन्म वा बाप्तिस्मा, मृत्यू, आणि कृतींच्या सूचीकडे नेणारा निर्देश. ही सूचीसुद्धा सर्वस्वी निर्विवाद नसते. श्मीडरच्या १९५० सालच्या बाख-सूचीत ५६५ क्रमांकावर असलेली ऑर्गनसाठीची प्रसिद्ध टोकाटा आणि फ्यूग ही रचना बाखचीच आहे काय, याविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.