छोट्या बाटल्याची गोष्ट

२०२३ साली ब्रिटनमध्ये कॅलर नावाच्या गॅस कंपनीने आपले काही छोटे सिलिंडर बंद करायचं ठरवलं. त्यातले दोन म्हणजे ३.९ किलो प्रोपेनचा लाल आणि ४.५ किलो ब्यूटेनचा निळा. आता यात आपलं काय जातं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपल्याकडे १४.२ किलोचा बाटला खांद्यावर टाकून जिने चढणारी माणसं आहेत, चार किलोच्या बाटल्याचं कुणाला काय कौतुक?

पण कॉलेजातला एक मित्र तिकडे असतो आणि त्याने मध्यंतरी एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. (कॅम्परव्हॅन म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. कॅरॅव्हॅन म्हणजे तीच सोय, पण गाडीच्या मागे जोडून ओढायची.) त्याने मला विचारलं, "तू इंजिनिअर ना रे? मग सांग, छोटा गेला तर मोठा बाटला लावायला काय अडचण आहे?" प्रश्न सोपा वाटला. उत्तर शोधता शोधता दोन वीकएंड गेले आणि पार १८८५ पर्यंत मागे जावं लागलं. तर आज त्याबद्दल.

हौसेखातर चाकांवरच्या घरात राहून भटकायची फॅशन ब्रिटनमध्ये सुरू केली ती डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनी. नौदलातून निवृत्त झालेला डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी बनवून घेतली आणि दोन घोडे जुंपून दक्षिण इंग्लंडातल्या ट्वायफर्डपासून स्कॉटलंडातल्या इनव्हर्नेसपर्यंत गेले. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा कॅरॅव्हॅन क्लब निघाला.

या मंडळींच्या स्वयंपाकाचं काय? रॉकेल. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह आला आणि जगभर पसरला. आपल्या आज्यांनी पंप मारमारून, पिन घालघालून जो भर्रर्र आवाजाचा स्टोव्ह पेटवला, तोच हा. रॉकेलची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रॉकेल कुठल्याही डब्यात भरता येतं. बाटली, कॅन, तेलाचा जुना डबा, काहीही चालतं. इंधन वेगळं, भांडं वेगळं.

गॅस आला आणि हे नातं बदललं. १९१० मध्ये अमेरिकेत एका मोटारमालकाने तक्रार केली की विकत घेतलेलं पेट्रोल घरी पोचेपर्यंत उडून जातं. वॉल्टर स्नेलिंग या केमिस्टने शोधून काढलं की त्या पेट्रोलमध्ये प्रोपेन, ब्यूटेन असे चटकन उडणारे घटक आहेत. ते वेगळे काढून दाबाखाली ठेवले तर द्रव होतात, आणि दाब काढला की अडीचशेपट फुगून परत वायू. १९१३ मध्ये त्याने पेटंट मिळवलं आणि ते फ्रँक फिलिप्स या तेलवाल्याला ५०,००० डॉलर्सना विकलं. आपण ज्याला एलपीजी म्हणतो त्या धंद्याची ही सुरुवात.

पण हे इंधन तेलाच्या डब्यात भरता येत नाही. त्याला दाब सोसणारं पोलादी भांडं लागतं, झडप लागते, ठरावीक काळाने तपासणी लागते. भांडंच महाग. मग ते गिऱ्हाइकाला विकायचं कसं? धंद्याने तोडगा काढला: विकायचंच नाही. भांडं कंपनीचं, आतला गॅस तेवढा तुमचा. रिकामं आणून द्या, भरलेलं घेऊन जा.

कॅलर १९३५ मध्ये निघाली ती याच पद्धतीवर. तेव्हा ब्रिटनमध्ये शहरांत नळाने गॅस येत होता, खेड्यांत नव्हता. जिथे पाइप पोचत नाही तिथे बाटला पोचवायचा, असा सरळ हिशेब. आपल्याला ही पद्धत वेगळी समजावून सांगायची गरज नाही. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने 'बर्शेन' आणला, १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा इंडेन आला, आणि तेव्हापासून आपणही डिपॉझिट भरून दुसऱ्याचाच बाटला घरात ठेवतो आहोत. आपल्या ओट्याखाली असतो म्हणून आपला वाटतो, एवढंच.

महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनची लाटच आली. सॅम आल्परच्या स्वस्त 'स्प्राइट' कॅरॅव्हॅनमुळे मध्यमवर्गाला ही चैन परवडायला लागली. १९५० च्या दशकात फोल्कस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची 'डॉर्मोबिल', फोक्सवॅगनच्या डब्यासारख्या गाडीत बनवलेल्या 'डेव्हन' अशा कॅम्परव्हॅन आल्या. या गाड्यांत जागेचा हिशेब इंचा-इंचाने करावा लागतो. बाकाखाली पाण्याचा कॅन, शेजारी बॅटरी, त्याच्या बाजूला गॅसची पेटी. आणि पेटी केवढी? बाजारात मिळणाऱ्या सर्वांत छोट्या बाटल्याएवढी.

म्हणजे बघा, गाडी बनवणाऱ्याने एका कंपनीच्या सिलिंडरचं माप आपल्या गाडीच्या सांगाड्यात कोरून ठेवलं. आमच्या भाषेत याला हार्डकोडिंग म्हणतात. :-) पण त्यात गाढवपणा नव्हता. जो बाटला गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात, कॅम्पसाइटवर, बंदरावर मिळतो, तो उद्या मिळणार नाही असं कोण धरून चालेल?

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. ३.९ चा लाल आणि ४.५ चा निळा, दोन्हीचं पोलाद साधारण सारखंच, उंची सुमारे ३४ सेंटीमीटर. प्रोपेन ब्यूटेनपेक्षा हलका, म्हणून तेवढ्याच भांड्यात वजन कमी भरतं. त्यावरची पायरी म्हणजे ६ किलोचा प्रोपेन किंवा ७ किलोचा ब्यूटेन, उंची सुमारे ४९. फरक १५ सेंटीमीटरचा. वीतभरसुद्धा नाही!

पण हीच वीतभर जागा वाढवणं महाकठीण. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, खाली साचतो. म्हणून गॅसची पेटी राहायच्या भागापासून पूर्ण बंद असावी लागते आणि तिच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवावं लागतं. गळालेला गॅस गाडीखाली निघून जावा म्हणून. अशी पेटी करवतीने कापून उंच करायची, तर वरचा बाक जातो, सील जातं, आणि बाटला आडवा टाकावा म्हटलं तर तेही चालत नाही. आडव्या बाटल्यातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो. थोडक्यात, मोठा बाटला लावायचा म्हणजे निम्मं स्वयंपाकघर उचकटायचं.

गंमत म्हणजे याच क्षेत्रात एक काम फार नीट झालेलं आहे. पूर्वी ब्यूटेनसाठी २८ मिलिबारचा रेग्युलेटर आणि प्रोपेनसाठी ३७ मिलिबारचा, असे दोन वेगळे लागायचे. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो, त्यामुळे थंडीत बाहेर पडणाऱ्यांना बाटला बदलायचा म्हणजे रेग्युलेटरही बदलायचा. साधारण २००३ पासून नव्या गाड्यांत युरोपीय मानकाप्रमाणे ३० मिलिबारचा एकच रेग्युलेटर भिंतीला बसवलेला येऊ लागला. दोन्ही गॅस त्यावर चालतात, बदलायची ती फक्त जोडनळी. सगळे एका टेबलाभोवती बसले तर काय होऊ शकतं, त्याचा हा नमुना. पण ते टेबल रेग्युलेटरपाशीच संपलं. बाटल्याचा आकार, झडप आणि अदलाबदल ज्याची त्याची राहिली. ब्रिटिश बाटला फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, फ्रेंच बाटला स्पेनमध्ये नाही.

मग आता लोक करतात काय?

पहिला मार्ग कॅम्पिंगाझचा. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली ही कंपनी, आणि तिचा निळा ९०७ नंबरचा बाटला युरोपातल्या बऱ्याच देशांत बदलून मिळतो. मापाला छोटा, जुन्या पेटीत बसतो. पण आत गॅस २.७५ किलोच, किलोमागे भाव बराच जास्त, आणि मुख्य म्हणजे ब्यूटेन. उन्हाळ्यात फिरणाऱ्याला ठीक. जो माणूस भाडं परवडत नाही म्हणून जानेवारीतही व्हॅनमध्येच राहतो, त्याला पहाटे चहाही मिळणार नाही.

दुसरा मार्ग स्वतःच्या मालकीचा, परत भरता येणारा सिलिंडर. सेफफिल, गॅसलो वगैरे. गाड्यांच्या ऑटोगॅस पंपावर जाऊन भरायचा. याच्या झडपेत ८० टक्के भरलं की आपोआप बंद होण्याची सोय असते. उरलेली जागा द्रवाला उन्हात प्रसरण पावायला लागते. किंमत सुरुवातीला भरपूर, पण बाटला तुमचा. अडचण अशी की एलपीजीवर चालणाऱ्या मोटारीच कमी होत चालल्यामुळे हे पंपही कमी होत चालले आहेत. म्हणजे एका आटत्या विहिरीवरून दुसऱ्या आटत्या विहिरीवर.

काही जण तिसराच उपाय करतात: अदलाबदलीचा जुना बाटला अडॅप्टर लावून पंपावर भरतात. हे मात्र करू नये. तो बाटला त्यांच्या मालकीचा नसतो हे एक, आणि त्यात ८० टक्क्यांचा स्टॉप नसतो हे दुसरं. तोंडापर्यंत भरलेला बाटला उन्हात ठेवला तर काय होईल, ते अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे.

चौथा मार्ग म्हणजे गॅसच सोडायचा. लिथियम बॅटरी, इंडक्शन, डिझेलवर चालणारा हीटर. ऐकायला एकदम मॉडर्न. पण जरा गुणाकार करा. ३.९ किलो प्रोपेनमध्ये साधारण ५० युनिट ऊर्जा असते. १०० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्ट लिथियम बॅटरीत सव्वा युनिट. म्हणजे चाळीस बॅटऱ्या! गॅसच्या शेगडीत निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तरी वीस. अर्थात बॅटरी सोलरवर परत भरते, बाटला भरत नाही. पण त्या वितभर पेटीत किती ताकद मावत होती, ते यावरून कळेल.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. अदलाबदलीच्या धंद्यात पैसा मिळतो तो बाटला फिरला तर. घरगुती बाटला वर्षात अनेकदा फिरतो. कॅरॅव्हॅनवाल्याचा छोटा बाटला दोन उन्हाळे पुरतो आणि मधल्या काळात गॅरेजात पडून राहतो. पोलाद, रंग, तपासणी यांचा खर्च मात्र बाटल्यामागे मोठ्याच्या जवळपास. कोविडच्या काळात सगळे देशातल्या देशात फिरायला निघाले आणि रिकामे सिलिंडर परत येईनात, तेव्हा टंचाई होऊन हे दुखणं उघड झालंच होतं. एक्सेल शीटमध्ये छोटा बाटला लाल रंगात दिसणार हे उघड आहे.

तरीही मला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटनने नळाचा गॅस बदलला. कोळशापासून बनवलेला जुना गॅस जाऊन उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस आला. दोन्हींचे बर्नर वेगळे. तेव्हा सव्वा कोटीहून जास्त ग्राहकांच्या घरी माणसं पाठवून एकेक शेगडी, एकेक हीटर बदलून किंवा दुरुस्त करून दिला गेला. "आजपासून तुमची शेगडी चालणार नाही, तुमचं तुम्ही बघा", असं कुणाला सांगितलं नाही. पाइपवाल्या गिऱ्हाइकाचा करार एका सार्वजनिक यंत्रणेशी होता. बाटल्यावाल्याचा करार होता एका कंपनीच्या कॅटलॉगशी, आणि कॅटलॉगमधली ओळ खोडायला कुणाला विचारावं लागत नाही.

मित्राला मी हेच कळवलं: गॅस संपलेला नाही, पोलादही संपलेलं नाही. संपलं ते एक वचन, की हे माप कायम मिळत राहील. ते कुणी कागदावर दिलेलं नव्हतं. पण चाळीस-पन्नास वर्षं लोकांनी त्यावर गाड्या बांधल्या, म्हातारपणाचे बेत आखले. कंपनीने बाटला कायम चालवावा असं माझं म्हणणं नाही. पण ज्या वस्तूची मालकी तुम्ही गिऱ्हाइकाला मुद्दाम देत नाही, ती किती वर्षं मिळेल आणि बंद केली तर त्याच मापाचा पर्याय कोण देईल, एवढं करारात पहिल्याच पानावर लिहायला काय हरकत आहे? सॉफ्टवेअरवालेसुद्धा सपोर्ट कधी संपणार त्याची तारीख आधी जाहीर करतात हो!

मित्राने शेवटी परत भरता येणारा छोटा सिलिंडर घ्यायचं ठरवलंय. त्याच्या घरापासून ऑटोगॅसचा पंप वीस मैलांवर आहे. तो पंप किती वर्षं चालू राहील, हा पुढचा प्रश्न त्याने मला अजून विचारलेला नाही.

असो. पुढच्या वीकएंडला भेटू.