फुलांची देवी आणि हुतात्मा चौक

बोरिवली किंवा अंधेरीहून ‘चर्चगेट फास्ट’ पकडणाऱ्यांच्या कानावर रोज एका नसलेल्या दरवाजाचं नाव पडतं. सेंट थॉमस चर्चवरून ओळखला जाणारा मुंबईच्या किल्ल्याचा हा दरवाजा १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, तटबंदीबरोबर पाडला गेला. नाव स्टेशनला मिळालं. जागा मात्र एका रोमन देवीला मिळाली: फ्लोरा, फुलांची आणि वसंताची देवी.

खरं तर तिचा पत्ता वेगळा ठरला होता. हे कारंजं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे राणीच्या बागेत बसवायचं होतं. त्याला फ्रियर यांचं नाव देण्याचाही बेत होता. रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी आराखडा केला, जेम्स फोर्साइथ यांनी पोर्टलँडच्या दगडातून देवी घडवली. गव्हर्नरचं नाव काही चिकटलं नाही. लोकांनी अख्ख्या परिसरालाच ‘फाउंटन’ करून टाकलं.

मग आला २१ नोव्हेंबर १९५५. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला विरोध करणाऱ्या लोकांवर इथेच पोलिसांनी गोळ्या झाडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जण हुतात्मा झाले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, फाउंटनचा हुतात्मा चौक झाला आणि फ्लोराशेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले.

इथे एक गंमत आहे. १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा राजा सातवा एडवर्ड त्याच्या जागेवरून हटवला गेला आणि राणीच्या बागेत पोहोचला. जी तिथे जायची होती, ती फ्लोरा मात्र जागची हलली नाही. मला वाटतं, राजाचा पुतळा सत्ता सांगतो. फ्लोराने इथे कुणावर राज्य केलं नव्हतं. २०१९ मध्ये तर तिची डागडुजी करून कारंजं पुन्हा सुरू केलं गेलं.

प्राचीन रोममध्ये फ्लोराचा उत्सव २८ एप्रिल ते ३ मे असा चालायचा. म्हणजे आपला महाराष्ट्र दिन नेमका तिच्या उत्सवात येतो! हा निव्वळ योगायोग. पण त्या दिवशी स्मारकावर फुलं वाहिली जातात, तेव्हा फुलांची देवी शेजारीच उभी असते.

‘फाउंटनला भेटू’ म्हणायला हरकत काहीच नाही. फक्त तिथे वाट बघताना मोबाइलमधून मान वर काढून मशालीकडेही बघावं. ही मुंबई आपल्याला कुणी आयती दिलेली नाही.