शनिवारची गर्दी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात न्यू ब्रन्सविक नावाचे गाव आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, शनिवारी दुपारी, तेथील रटगर्स महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना चेंडूच्या सामन्यासाठी बोलावले होते. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस गडी होते. आपले गडी ओळखू यावेत म्हणून रटगर्सच्या मुलांनी डोक्याला लाल रुमालांची मुंडाशी बांधली होती. शंभर-एक माणसे कुंपणावर बसून आणि गवतावर उभी राहून हा खेळ पाहत होती. रटगर्सने सहा विरुद्ध चार अशी सरशी केली. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास या दिवसापासून मोजला जातो.

गोव्यात किंवा कोलकात्यात ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याच्याशी हा पहिला सामना बराच मिळताजुळता होता. परंतु पुढील काही वर्षांत अमेरिकन महाविद्यालयांनी रग्बीचा आधार घेऊन एक निराळाच खेळ घडवला. लंबगोल चेंडू हाती धरून धावावे, प्रतिपक्षाने झेप घालून धावणाऱ्यास पाडावे आणि एकेक यार्ड भूमी जिंकीत पुढे सरकावे, असे त्याचे रूप झाले. त्या खेळाचे नियम कसे बदलत गेले, याची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. परंतु कुंपणावर बसलेल्या त्या शंभर माणसांची पुढे लाख माणसे कशी झाली, हा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. कारण ही गर्दी आपोआप जमली नाही. पहिली काही वर्षे ती हौसेने आली. पुढे ती आणावी लागली.

आरंभीच्या काळात गर्दीचे मूळ विद्यार्थ्यांच्या आपसांतील चुरशीत होते. येल आणि प्रिन्स्टन यांचा थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना न्यूयॉर्कमध्ये होऊ लागला, तेव्हा त्या सणाला जत्रेचे स्वरूप आले. रंगीत फिती लावलेल्या घोडागाड्या शहरातून मिरवत मैदानाकडे जात. १८९३ च्या सामन्यास सुमारे ४० हजार प्रेक्षक होते. या समुदायाला शिस्त लावण्याची कल्पनाही विद्यार्थ्यांतूनच निघाली. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ १८९८ मध्ये एकामागून एक सामने हरत होता. २ नोव्हेंबरच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहिला आणि त्याने सर्वांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या. त्या दिवशी मिनेसोटा जिंकले. घोषणा देणाऱ्यांचा नायक ही अमेरिकन मैदानावरील ठळक मूर्ती तेव्हापासून रूढ झाली.

परंतु गर्दी जमते म्हटल्यावर तिला बसवण्याची सोय करणे आले, आणि येथेच या कथेला पहिले वळण मिळाले. १९०३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे भव्य प्रेक्षागार उभारले. १९०५ च्या सुमारास खेळातील मृत्यू आणि दुखापती इतक्या वाढल्या, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना स्वतः विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. खेळ मोकळा व्हावा म्हणून मैदान रुंद करावे, अशी एक सूचना तेव्हा पुढे आली. परंतु हार्वर्डच्या नव्या काँक्रीटमुळे मैदान रुंद होण्यासारखे नव्हते. अखेर १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या भिंतींपुढे खेळाच्या नियमांनाही वाट काढावी लागली. येलने १९१४ मध्ये जमीन खोदून वाडग्याच्या आकाराचे प्रेक्षागार केले. त्याच्या उद्घाटनाला सुमारे ७० हजार माणसे लोटली. मात्र यजमान येलचा हार्वर्डने ३६ विरुद्ध शून्य असा पाडाव केला.

प्रेक्षकांना बोलावण्याची सर्वांत गोड युक्ती याच सुमारास रूढ झाली. मिसुरी विद्यापीठाचे क्रीडासंचालक चेस्टर ब्रूअर यांनी १९११ मध्ये कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ असे निमंत्रण धाडले. सासुरवाशिणीला माहेरचे बोलावणे यावे, तसेच ते होते. हजारो माजी विद्यार्थी आले. सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला. परंतु निकालाची चुटपुट कोणाला फारशी लागली नाही. अशा माहेरपणाचा मान आपलाच, असे बेलर आणि इलिनॉय ही विद्यापीठेही सांगतात. मान कोणाचाही असो, या प्रथेने एक गोष्ट सिद्ध केली. माणूस मैदानावर येतो तो केवळ खेळ पाहायला नव्हे; जुने सोबती, जुनी खोली आणि आपले सरलेले तारुण्य पुन्हा भेटावे म्हणून तो येतो.

पहिल्या महायुद्धानंतर बांधकामाची लाटच आली. इलिनॉय विद्यापीठाने देणग्या जमवून युद्धस्मारक म्हणून प्रेक्षागार बांधले आणि रणांगणावर पडलेल्यांची नावे त्याच्या स्तंभांवर कोरली. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी त्याच्या अर्पणसोहळ्याच्या सामन्यात रेड ग्रेंज या खेळाडूने मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. मिशिगनचे क्रीडासंचालक फील्डिंग योस्ट यांनी तर कर्जरोखेच काढले. ५०० डॉलरचा एक असे तीन हजार रोखे होते. जो रोखा घेईल, त्याला दहा वर्षे मैदानाच्या मध्याजवळील तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळणार होता. १९२७ मध्ये हे प्रेक्षागार पुरे झाले आणि त्या वर्षीच्या अर्पणसोहळ्यास ८४,४०१ प्रेक्षक आले. पुढे मजले चढवता यावेत म्हणून योस्ट यांनी पायाही भक्कम घालून ठेवला होता.

यात दूरदृष्टी होती, तशी एक अडचणही होती. हौसेने जमलेली माणसे एखाद्या शनिवारी आली नाहीत, तर कोणाचे काही बिघडत नसे. कर्ज काढून बांधलेले प्रेक्षागार रिकामे राहिले, तर मात्र व्याज थांबत नाही. गर्दीसाठी बाके बांधली होती. आता बाकांसाठी गर्दी हवी झाली. ऑक्टोबर १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने महाविद्यालयीन खेळांविषयी विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यांतील वाढत्या व्यापारी वृत्तीवर कडक टीका केली. खेळ विद्यार्थ्यांचा राहिलेला नाही, हा त्या टीकेचा रोख होता. अहवालाची चर्चा झाली. प्रेक्षागारे मात्र जागच्या जागी उभी होती आणि दर शनिवारी भरावी लागत होती.

ती भरण्यासाठी काय काय करण्यात आले, याचा नमुना लुइझियाना राज्यात सापडतो. तेथील राज्य विद्यापीठाने १९३१ मध्ये विजेच्या प्रकाशात रात्रीचे सामने सुरू केले. त्यामागे क्रीडाविभागाचे टी. पी. हर्ड यांचे साधे तर्क होते. दक्षिणेतील दुपारचा उकाडा टळतो, न्यू ऑर्लिन्समधील महाविद्यालयांच्या सामन्यांशी वेळ आडवी येत नाही, आणि शनिवारी दुपारी मळ्यावर किंवा दुकानात गुंतलेल्या माणसाला रात्री मोकळीक मिळते. प्रेक्षक वाढले. याच हर्ड यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी असलेला पैसा प्रेक्षागाराकडे वळवला. बाकांच्या खाली खोल्या काढल्या. खाली मुले राहू लागली आणि वर प्रेक्षकांच्या रांगा वाढल्या.

त्याच राज्याचे सिनेटर ह्यूई लाँग यांना या संघाचे वेड होते. १९३४ मध्ये विद्यार्थ्यांना परगावच्या सामन्यास जाता यावे म्हणून त्यांनी रेल्वे कंपनीकडे भाडे उतरवण्याची मागणी केली आणि तसे न झाल्यास कंपनीच्या पुलांवरील करआकारणी वाढेल, अशी तंबी दिली. भाडे उतरले. त्याच मोसमात एका सामन्याच्या रात्रीच गावात मोठी सर्कस येणार होती आणि तिकिटे खपत नव्हती. लाँग यांनी जनावरांवरील गोचिडींसाठी केलेला राज्याचा कायदा शोधून काढला. राज्यात येणारे प्रत्येक जनावर औषधी पाण्यात बुडवून काढले पाहिजे, असे त्यांनी सर्कसवाल्यांना सुनावले. वाघाला आणि हत्तीला बुडवायचे कसे, या विवंचनेत सर्कसने आपली तारीख बदलली. हा किस्सा ऐकून हसू येते. परंतु सत्तेचा असा वापर एका सामन्याच्या तिकिटांसाठी व्हावा, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

सर्कशीपेक्षा बलाढ्य प्रतिस्पर्धी पुढे आला, तो घराघरांतील पडद्यावर. महाविद्यालयीन फुटबॉलचे वर्णन नभोवाणीवरून १९२१ पासूनच ऐकू येत होते. दूरचित्रवाणी मात्र सामना डोळ्यांपुढे आणून ठेवी. जानेवारी १९५१ मध्ये महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेने १६१ विरुद्ध ७ मतांनी प्रक्षेपणावर निर्बंध घालण्याचे ठरवले. घरबसल्या फुकट सामना दिसला, तर तिकीट काढील कोण, हा प्रश्न होता. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने विरोध केला. पण संघटनेने बहिष्काराचे अस्त्र उगारताच त्याला नमते घ्यावे लागले. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ कोणता सामना केव्हा दाखवावा, हे ही संघटनाच ठरवीत राहिली. अखेर २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी अवैध ठरवली. मैदानावरील उपस्थिती राखण्यासाठी हे निर्बंध आहेत, हा संघटनेचा बचाव न्यायालयाने मानला नाही. आपला खेळ प्रेक्षकाला ओढून आणण्याइतका आकर्षक ठरणार नाही या भीतीपोटी निर्बंध घालता येत नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी बायरन व्हाइट हे स्वतः एके काळचे नामांकित फुटबॉलपटू होते, हा योगायोगही लक्षणीय आहे.

निर्बंधांचा मार्ग सोडून माणसे आणता येतात, हे दरम्यानच्या काळात मिशिगनमध्येच दिसून आले होते. १९६८ मध्ये डॉन कॅनम क्रीडासंचालक झाले, तेव्हा प्रेक्षागाराची क्षमता एक लाखावर गेली होती आणि हजारो जागा रिकाम्या राहत होत्या. कॅनम हे व्यापारात मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या आणि घरोघरी टपालाने रंगीत पत्रके पाठवली. त्यांनी केवळ सामना विकला नाही. कुटुंबाने मिळून घालवायचा शरद ऋतूतील एक दिवस विकला. बँड, मोटारीच्या मागच्या फळीवर उघडलेले डबे आणि मुलाबाळांची सहल हे सारे त्या दिवसात आले. त्यांनी आणलेल्या बो शेम्बेकलर या प्रशिक्षकाच्या संघाने २२ नोव्हेंबर १९६९ रोजी बलाढ्य ओहायो स्टेटला २४ विरुद्ध १२ असे हरवले, तेव्हा १,०३,५८८ लोक उपस्थित होते. ८ नोव्हेंबर १९७५ पासून तर मिशिगनच्या प्रत्येक घरच्या सामन्याला लाखावर प्रेक्षक येऊ लागले.

तरीही १९८४ च्या निकालाने मोकळ्या झालेल्या पडद्याचा परिणाम हळूहळू दिसू लागला. दूरचित्रवाणीकडून येणारा पैसा वाढला. पण सामन्याची वेळ आता वाहिनीच्या सोयीने ठरू लागली आणि जाहिरातींसाठी खेळ थांबू लागला. २०१७ मध्ये वरच्या श्रेणीतील सामन्यांची सरासरी उपस्थिती सुमारे ४२ हजारांवर आली. गेल्या ३४ वर्षांतील ती सर्वांत मोठी घट होती. त्याहून बोलका तपशील २०१८ मध्ये एका वृत्तपत्राने उजेडात आणला. जाहीर झालेली उपस्थिती आणि दारावर प्रत्यक्ष तपासलेली तिकिटे यांचा मेळ घातला, तेव्हा जाहीर आकड्याच्या सुमारे ७१ टक्केच माणसे आत आल्याचे आढळले. म्हणजे तिकीट खपले होते. माणूस आला नव्हता.

यात सर्वांत जाणवणारी अनुपस्थिती विद्यार्थ्यांची होती. सातत्याने जिंकणाऱ्या अलाबामा विद्यापीठातही विद्यार्थी खेळ अर्ध्यावर टाकून निघून जात. २०१९ मध्ये विद्यापीठाने भ्रमणध्वनीवरून त्यांचा ठावठिकाणा टिपणारी योजना आणली. सामन्यास आल्याबद्दल शंभर गुण आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या, चरणापर्यंत थांबल्याबद्दल आणखी २५० गुण मिळत. येण्यापेक्षा थांबण्याचे मोल अडीचपट लावावे लागले, यातच सारे आले. त्याच वर्षी दक्षिणपूर्वेकडील विद्यापीठांच्या संघटनेने प्रेक्षागारात मद्यविक्रीवरील सरसकट बंदीही उठवली.

या योजनेशेजारी टेक्सास ए अँड एम महाविद्यालयाची एक जुनी हकीकत ठेवून पाहावी. २ जानेवारी १९२२ रोजी डल्लास येथे त्यांच्या संघातील खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते. संघ सोडून प्रेक्षकांत बसलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला प्रशिक्षकाने खाली बोलावले. गिलने गणवेश चढवला आणि सामना संपेपर्यंत तो कडेला सज्ज उभा राहिला. त्याला खेळण्याची पाळी आली नाही, संघ जिंकला. मैदानात अकरा गडी असतात. प्रेक्षकांतला विद्यार्थी हा बारावा गडी, ही भावना तेव्हापासून रुजली. तेथील विद्यार्थी संपूर्ण सामना उभे राहून पाहतात. त्यांच्या उभे राहण्याचे गुण कोणी मोजीत नाही.

२०२० मध्ये महामारीमुळे अनेक प्रेक्षागारे रिकामी किंवा विरळ राहिली. खेळाडू धावत होते, पडद्यावर सामने दिसत होते. परंतु आरोळ्यांवाचून तो खेळ ओका वाटत होता. गर्दी ही केवळ तिकिटांची बेरीज नव्हे, हे त्या वर्षाने कटूपणे पटवून दिले. दीडशे वर्षांच्या या धडपडीत दिवे, बँड, पत्रके, निर्बंध, गुणांची आमिषे असे नाना उपाय झाले. त्यांतले जे टिकले, त्यांनी प्रेक्षकाला गिऱ्हाईक न मानता घरचे माणूस मानले. माहेरचे बोलावणे आले की माणूस वाट वाकडी करूनही येतो. बाके रिकामी आहेत म्हणून या, असे सांगितल्यास तो आपल्या घरच्या पडद्यापुढेच बसून राहतो. न्यू ब्रन्सविकच्या कुंपणावर बसलेल्या त्या शंभर जणांना कोणी आमिष दाखवले नव्हते. मैदानात त्यांचेच सोबती उतरले होते, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.